कार्डावरची ती मीच हो!

ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं आपल्याला वाटतं. पण अनोळखी माणसाच्या बाबतीत आपण सगळेच यात चांगले कच्चे आहोत. शेंद्र्याच्या गेटवर उभं राहून बघा, पटेल.

गळ्यातलं आयकार्ड जरा हातात घ्या. हो, आत्ताच, हे वाचता वाचता. फोटो कधीचा आहे? जॉइनिंगच्या आठवड्यातला ना? नवा कोरा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस आणि 'मान थोडी डावीकडे, हं, हलू नका' म्हणणाऱ्या स्टुडिओवाल्यासमोर रोखून धरलेला श्वास. त्यानंतर किती अप्रेझल झाली, किती किलो वाढले आणि किती केस गेले, ते तुमचं तुम्हाला माहीत. आधारवरच्या फोटोचं तर नावच काढू नका. त्यात आपण इतके गुन्हेगार दिसतो की पोलिसांनी बघताक्षणी पकडावं; फक्त त्या फोटोवरून आपण पोलिसांना सापडणार मात्र नाही!

तरीही रोज कुणीतरी हे कार्ड बघतं. कंपनीच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले, विमानतळाच्या दारातला जवान, बँकेतल्या मॅडम, परीक्षा हॉलच्या दारातले सुपरवायझर. दोन सेकंद फोटोकडे, दोन सेकंद तोंडाकडे, मग मान हलते आणि आपण आत. त्या चार सेकंदांत नेमकं काय होतं, असा प्रश्न कधी पडलाय? मला पडला आणि त्याचं उत्तर वाचून थोडी झोप उडाली.

ग्लासगोच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक टेस्ट प्रसिद्ध केली. स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी. सांगायचं इतकंच, की हा एकच माणूस आहे की दोन वेगळे? फोटो स्वच्छ, समोरून काढलेले, उजेड छान. एकाच माणसाचे असतील तर काही मिनिटांच्या अंतराने, दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले. वेळेची घाई नाही, आठवणीचा प्रश्न नाही, दोन्ही चेहरे डोळ्यांसमोर. एवढं सोपं करूनही या टेस्टच्या छोट्या, ४० जोड्यांच्या आवृत्तीत लोकांची उत्तरं सरासरी ८० टक्क्यांच्या आसपासच बरोबर आली. म्हणजे पाचातलं एक चूक. हे केव्हा, तर फोटो त्याच दिवशीचे असताना! पुढे २०१३ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने काढलेले फोटो देऊन पाहिलं, तेव्हा निकाल आणखी घसरला. आता तुमच्या कार्डावरच्या त्या जॉइनिंगच्या फोटोचं वय मोजा.

बरं, हे झालं लॅबमधलं. १९९७ साली इंग्लंडमध्ये याहून मजेदार प्रयोग झाला. क्रेडिट कार्डावर ग्राहकाचा फोटो छापला तर फसवणूक थांबेल, अशी त्या काळी मोठी आशा होती. रिचर्ड केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका खऱ्याखुऱ्या सुपरमार्केटमध्ये तिथल्याच अनुभवी कॅशियर्सना बसवलं आणि काही ग्राहकांच्या हातात दुसऱ्याच माणसाच्या फोटोची कार्डं दिली. कॅशियर्सना प्रयोग चाललाय हे ठाऊक होतं. तरी निम्म्याहून जास्त खोटी कार्डं खपून गेली. फोटोतला माणूस मुद्दाम बऱ्यापैकी वेगळा निवडला होता, तिथेही साधारण तीनातलं एक कार्ड चाललं. थोडक्यात, शेजारच्या पिंट्याचं कार्ड घेऊन गेलात तरी किराणा मिळण्याची शक्यता चांगली होती.

असं का होतं? कारण चेहरे ओळखण्यात आपण खरंच उस्ताद आहोत, फक्त ओळखीच्या लोकांचे. चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबाची जत्रा भरते. त्या गर्दीत, धुळीत, पन्नास पावलांवरून, डोक्याला उपरणं गुंडाळलेला आपला मामेभाऊ आपण बिनचूक हेरतो. त्याची दाढी वाढो, तो बारीक होवो, काही फरक पडत नाही. ग्लासगोलाच १९९९ मध्ये सिक्युरिटी कॅमेऱ्याचं अगदी खराब फुटेज दाखवून पाहिलं होतं. विद्यार्थ्यांनी त्यात स्वतःचे प्राध्यापक सहज ओळखले. ज्यांनी त्या प्राध्यापकांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांना जमलं नाही. त्यात अनुभवी पोलिसही होते.

या ओळखीच्या माणसांनीच आपल्याला फाजील आत्मविश्वास दिलाय. मामेभावाला आपण ओळखतो, म्हणून कुणालाही ओळखू असं वाटतं. पण मामेभावाचा चेहरा आपल्या डोक्यात हजार रूपांत साठलेला असतो: हसताना, रडताना, झोपेतून उठल्यावर, लग्नात फेटा बांधून. अनोळखी माणसाचा आपल्याकडे एकच फोटो असतो, आणि तो फोटो म्हणजेच तो माणूस असं आपण धरून चालतो. उजेड बदलला, भुवई उचलली, की आपल्या लेखी माणूस बदलला.

२०११ मध्ये रॉब जेंकिन्स आणि त्यांच्या मंडळींनी हे फार छान दाखवलं. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २० फोटो घेतले, चाळीसही पत्त्यांसारखे पिसले आणि ब्रिटिश लोकांपुढे ठेवून सांगितलं, माणसांप्रमाणे ढीग लावा. त्यांनी सात-आठ-नऊ ढीग लावले. दोन बायकांच्या नऊ बायका! तेच फोटो डच लोकांना दिले, तर जवळपास सगळ्यांनी पटकन दोन ढीग लावून दाखवले.

आम्ही याची कँटीन-आवृत्ती केली. एका मैत्रिणीने तिच्या दोन मावसबहिणींचे फोटो फोनमधून प्रिंट करून आणले. किती मुली आहेत हे आम्हाला सांगितलं नव्हतं. चहा संपेपर्यंत आमच्या टेबलावर पाच ढीग झाले आणि क्वालिटीतल्या एका साहेबांनी तर (दिवसभर मायक्रॉनमधले दोष शोधणारा माणूस हा!) सहावा केला. मैत्रीण हसून हसून बेजार. करून बघा तुमच्या ऑफिसात, लंच ब्रेक सार्थकी लागतो.

हसणं इथपर्यंत ठीक आहे. गेटवर मात्र याची किंमत पडते.

जालना रोडने चिकलठाणा, विमानतळ, केंब्रिज चौक मागे टाकत सकाळी बसेस शेंद्र्याला येतात. २००१ मध्ये इथे स्कोडाच्या गाड्या बनायला लागल्या, मग एकेक करत बरंच काही आलं, आता ऑरिक सिटीचे रुंद रस्ते आहेत. आमच्यासारखे पर्मनंट स्टाफवाले कार्ड टॅप करून हेडफोन न काढता आत जातात. पलीकडच्या छोट्या गेटवर कॉन्ट्रॅक्टवाल्यांची रांग असते. तिथे मशिनही आहे आणि माणूसही, आणि निर्णय माणूस देतो.

गेल्या उन्हाळ्यात करमाडकडून येणारा एक मुलगा त्या रांगेत अडकला. आमच्या स्टोअरमध्येच काम करतो, मी त्याला रोज पाहते. वडील गेले होते. दहावा-तेरावा आटोपून तो कामावर परत आला होता, डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. पासवरच्या फोटोत दाट केस आणि कोरलेली दाढी. त्याच एक तारखेला सिक्युरिटीची एजन्सी बदलली होती. आधीच्या काकांनी त्याला लांबूनच हाक मारली असती, 'काय रे, कधी आलास?' नव्या माणसाने पास बघितला, तोंड बघितलं आणि बाजूला उभं केलं. सुपरवायझर येऊन 'आपलाच आहे' म्हणेपर्यंत दीड तास गेला. अर्धा खाडा लागला. पण मला जास्त लागलं ते वेगळंच: आपले केस का नाहीत, हे त्याला वीस-पंचवीस लोकांच्या रांगेसमोर, एका परक्या माणसाला दोनदा सांगावं लागलं.

मला त्या नव्या सिक्युरिटीवाल्याचा फार राग आला होता. नंतर वाचत गेले तसा तो कमी झाला. अनोळखी चेहरा बघताना आपण डोळे-नाक-ओठ यांपेक्षा केस आणि चेहऱ्याची बाहेरची चौकट यांवरच जास्त विसंबतो, हे संशोधकांना १९७० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे त्याच्याकडे जे काही धरायला होतं, नेमकं तेच न्हाव्याने उतरवून ठेवलं होतं.

'पण त्यांचं कामच आहे ना ते? सवयीने जमायला पाहिजे,' असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी थेट पासपोर्ट अधिकाऱ्यांचीच परीक्षा घेतली. समोर जिवंत माणूस, स्क्रीनवर फोटो. दुसऱ्याच माणसाचा फोटो असताना १४ टक्के वेळा त्यांनी 'हो, हाच' म्हटलं. खऱ्या माणसाला ६ टक्के वेळा परत पाठवलं. आणि खरी गंमत पुढे आहे. कोण किती वर्षं नोकरीत आहे, याचा निकालाशी काहीच संबंध निघाला नाही. चेहरे जुळवण्याच्या आणखी एका टेस्टमध्ये तर हे अधिकारी कॉलेजच्या पोरांच्याच पंक्तीला बसले.

काही जणांना हे उपजत जमतं. त्यांना 'सुपर रेकग्नायझर' म्हणतात आणि लंडनच्या पोलिसांनी असे लोक हुडकून कामाला लावले. पण गेटवर माणूस नेमताना आपण त्याची उंची बघतो, छाती बघतो, चेहरे ओळखता येतात का हे कुणी विचारत नाही. त्यात आणखी एक वैताग. सकाळभरात हजार लोक जातात आणि त्यातले जवळजवळ सगळे खरे असतात. खोटा माणूस जितका क्वचित येतो, तितका तो जास्त सुटतो, हेही प्रयोगांत दिसलंय. मेंदूला 'हो'ची सवय लागते. आणि एखाद्या दिवशी वरून तंबी मिळाली की तोच मेंदू 'नाही' म्हणायला लागतो, तेव्हा अडकतो तो भादरलेल्या डोक्याचा मुलगा.

आपल्याकडे हा घोळ कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे म्हणा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला. त्याला पकडलं, कैदेत टाकलं. पण १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात हजारो लोक त्याच्यामागे गेले. शेवटी त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. या हजारोंपैकी किती जणांनी खऱ्या भाऊसाहेबांना जवळून पाहिलं असेल? पुढे १९६२ पासून 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच माणसं उभी करायचे आणि प्रेक्षक तिकीट काढून थक्क व्हायचे. आमच्या बाबांना अजून निपाणीचं नाव काढलं की लखोबा लोखंडेच आठवतो.

आजचे लखोबा परीक्षा केंद्रावर भेटतात. 'डमी उमेदवार' हा शब्द मराठी पेपरांत आता इतका नेहमीचा झालाय की कुणी दचकत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सीबीआयने नीट परीक्षेच्या प्रकरणात नागपूरच्या एका करिअर गायडन्स संस्थेवर गुन्हा दाखल केला. आरोप असा होता की खऱ्या विद्यार्थ्याचा आणि त्याच्या जागी बसणाऱ्याचा फोटो एकमेकांत मिसळून ओळखपत्रासाठी एकच फोटो तयार करायचा. आयडिया ऐकायला सिनेमातली वाटते, पण चालण्यासारखी आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी असे अर्धे-अर्धे मिसळलेले फोटो लोकांना दाखवले, तेव्हा आधी सावध न केलेल्या लोकांनी निम्म्याहून जास्त वेळा ते खरे मानले. वर्गात तीनशे मुलं, घंटा व्हायला दहा मिनिटं, हातात हॉल तिकिटांचा गठ्ठा. आता त्या सुपरवायझर मॅडमना दोष देऊन दाखवा. ज्याने दोन वर्षं लातूरला खोली घेऊन अभ्यास केला, त्याची सीट मात्र गेलेली असते.

मग मशिन आणा, प्रश्नच मिटला! पुण्याच्या विमानतळावर २०२३ पासून डिजियात्रा आहेच की, चेहरा दाखवा आणि आत. हजेरीचं मशिन आमच्याही गेटवर आहे. चांगली मशिनं आज सामान्य माणसापेक्षा पुष्कळ बरी आहेत, यात वाद नाही. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये ढीगभर प्रोग्रॅम तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच प्रोग्रॅमनी आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या माणसांना एकच ठरवण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त केली, काही ठिकाणी दहापट ते शंभरपट. काही आशियाई देशांत तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये आशियाई चेहऱ्यांबाबतचा हा फरक नव्हता. म्हणजे मशिनही लहानपणी ज्यांच्यात वाढतं, त्यांनाच नीट ओळखतं. आपल्या आजीसारखंच.

२०१८ च्या एका अभ्यासात याहून कामाची गोष्ट निघाली. नीट प्रशिक्षण घेतलेला, वेळ घेऊन काम करणारा एक तज्ज्ञ आणि एक चांगलं मशिन, यांचे निकाल एकत्र केले तर ते दोन तज्ज्ञांच्या जोडीपेक्षा अचूक ठरले. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे मशिन आलं की माणसाचं तोंड बंद करतात. मशिनने लाल दिवा दाखवला की जुने काका सगळं समजत असूनही 'मी काय करू, सिस्टिम घेत नाही' म्हणतात. ओळख असलेला माणूस गप्प आणि ओळख नसलेलं यंत्र बोलतंय, अशी उलटी वरात.

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन्हीकडे चालतो बघा. ओळख असणं वेगळं आणि ओळख पटवणं वेगळं, पण शब्द एकच. आपल्या निवडणुकीच्या नियमांनी हे कधीच हेरलं होतं. टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ मध्ये, मतदाराचं फोटो ओळखपत्र आलं. पण १९६१ च्या नियमांतली जुनी व्यवस्था त्यानंतरही राहिली. केंद्रावर पहिला अधिकारी तुमचं नाव मोठ्याने वाचतो ते उगाच नाही. समोर पोलिंग एजंट बसलेले असतात, साधारण त्याच भागातले. नाव आणि चेहरा जुळत नाही असं वाटलं तर त्यातला कुणीही दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात आणि आक्षेप सिद्ध झाला नाही तर तुम्हाला मत देता येतं. दोन रुपयांत ओळखीच्या डोळ्यांची सेवा! इतकं स्वस्त आणि अचूक बायोमेट्रिक जगात नसेल.

फक्त हे चालतं ते एकमेकांना ओळखणाऱ्या गावात. शेंद्रा, कुंभेफळ, करमाडच्या भाड्याच्या खोल्यांत आज परभणी, नांदेडपासून बिहारपर्यंतची पोरं राहतात. त्यांना तिथे नावाने ओळखणारं कोण? खोलीमालक आणि फार तर मेसवाल्या मावशी. अशांना गेटवर, बँकेत, केंद्रावर, सगळीकडे तो एक इंचाचा फोटोच पुढे करावा लागतो. नेमकं ज्यांना कुणी ओळखत नाही, त्यांचीच सगळी भिस्त आपल्याला न जमणाऱ्या कामावर!

तर मग करायचं काय? चेहऱ्याचा आकार गोल की लांबट, हे बघून काहीही साधत नाही. प्रयोगात ती युक्ती साफ पडली. कान बघा आणि तीळ, व्रण बघा. २०२१ च्या एका अभ्यासात एवढं थोडक्यात शिकवल्यावरही लोकांचा निकाल सुधारला होता. कान दाढीने झाकत नाहीत आणि अप्रेझलने वाढत नाहीत. तेव्हा फोटो काढताना केस कानामागे घ्या. रोज चष्मा लावत असाल आणि फोटोत नसेल (किंवा उलट), तर समोरच्याचं काम आणखी अवघड होतं, हेही तपासलेलं आहे. आधारचा फोटो केंद्रावर जाऊन बदलता येतो, तो बदला. घरात लहान मूल असेल तर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी त्याचं बायोमेट्रिक अपडेट करायचं असतं, ते विसरू नका.

कंपन्यांना सगळ्यात सोपं जमण्यासारखं आहे ते म्हणजे एकाऐवजी दोन-तीन वेगवेगळे फोटो ठेवणं. एक दाढीतला, एक बिनदाढीचा, एक हसरा. व्हाइट यांच्याच गटाने २०१४ मध्ये दाखवलंय की फोटो वाढले की जुळणी सुधारते. हे सगळं लिहून मी आमच्या एचआरला मेल टाकला, त्या मुलाचं नाव न घेता. उत्तर दोन दिवसांत आलं, कौतुकाचंही होतं. पण कार्डावर दुसऱ्या फोटोला जागा नाही म्हणे; लोगोचा साइझ हेड ऑफिसने ठरवून दिलेला आहे. कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या पासबद्दल विचारलं, तर तो ठेकेदाराचा विषय आहे आणि तो दरवेळी फोटो जुन्याच फाइलमधून उचलतो. मी ठेकेदाराचा नंबर मागितलाय.